सिंफनी ऐकायला बसताना : ठाणे-नवी मुंबईच्या घरापासून एनसीपीएपर्यंत

ख्याल आणि नाट्यसंगीतावर तयार झालेला कान पाश्चात्त्य वाद्यवृंदापुढे पहिल्यांदा गोंधळतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. तो षड्ज शोधत असतो, आणि इथे षड्ज जागेवर थांबत नाही. मागे तानपुरा नाही. रचना एका षड्जावरून निघते, दुसऱ्यावर जाते, मध्ये बराच वेळ कुठलाच षड्ज धड लागू देत नाही आणि शेवटी घरी परतते. सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची मोठी रचना; तिच्यातली गोष्ट म्हणजे हाच प्रवास. त्याला जोड द्यायची दुसऱ्या एका सवयीची: चाल आत्ता कोणाच्या हातात आहे, हे सतत विचारत राहायचं. या दोन गोष्टी जमल्या की चाळीस मिनिटांची रचनाही लांब वाटत नाही.

रचनेची पार्श्वभूमी वाचावी, पण निवडून. कानाला ‘इथे थांब, इथे लक्ष दे’ असं सांगते तेवढीच माहिती कामाची. बेटहोवनचं बहिरेपण सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याने पाचव्या सिंफनीचा एकही स्वर जास्त स्पष्ट ऐकू येत नाही. उलट, ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून वाजवणारे पहिले तीन भाग नुसते बसून असतात आणि चौथ्या भागात पहिल्यांदा वाद्य उचलतात, एवढं कळलं तर चौथा भाग सुरू होताना अंगावर काटा येतो.

आधी खोली आणि फोन

या संगीतात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांतलं अंतर फार असतं. चित्रपटगीताच्या हिशेबाने आवाज लावला तर हळू जागा पंख्याखाली बुडतात. मग आपण आवाज वाढवतो आणि पुढच्याच मिनिटाला शेजारी दार वाजवतात. त्यावर उपाय सोपा आहे. रचनेतली सर्वांत मोठी जागा आधी वाजवून बघा, त्या जागेला सोसेल एवढा आवाज ठेवा आणि मग सुरुवातीपासून लावून आवाजाला हात लावू नका. पाचव्या सिंफनीसाठी चौथ्या भागाची सुरुवात या चाचणीला चांगली.

पंखा एकवर आणा किंवा बंद करा. घोडबंदर रोडलगतच्या इमारतीत रस्त्याकडची खिडकी लावून घ्यावीच लागते. रविवारी सकाळी सात ते नऊ ही वेळ बहुतेक ठिकाणी बरी. गणपती-नवरात्रात हा उद्योग करू नये, ढोल-ताशापुढे कुठलाही पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू वाजणारी जागा, टिकत नाही.

फोनच्या अंगच्या स्पीकरवर ऐकू नका. डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर लागते. एवढा खर्ज फोनमधून येतच नाही, त्यामुळे चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीची सुरुवात म्हणजे नुसती शांतता वाटते. साधे वायरवाले हेडफोन चालतील. दोन स्पीकर असतील तर ते एकमेकांपासून सुमारे दोन मीटरवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि त्यांच्याशी समभुज त्रिकोण होईल अशा जागी बसा. वाद्यवृंदात पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि चेलो-बेस बहुधा उजवीकडे असतात. एकाच ब्लूटूथ डब्यातून ऐकताना ही मांडणी हरवते आणि चाल कोणाकडे गेली हे ओळखणं दुप्पट अवघड होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जणांची बैठक असेल आणि साउंडवाल्याकडून सिस्टिम आणली असेल, तर त्याला इको पूर्ण बंद करायला आणि बेस-ट्रेबल मधोमध ठेवायला सांगा. लग्नाच्या सेटिंगवर चेलो घुमतो आणि ओबो टोचतो.

ॲपमध्ये शफल, क्रॉसफेड आणि आपोआप आवाज सारखा करणारी सोय, तिन्ही बंद करा. क्रॉसफेडमुळे एका भागाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो. शफलने चौथा भाग आधी आला तर सगळी गोष्टच उलटी होते. फुकटच्या आवृत्तीत भागांच्या मध्येच जाहिरात घुसते. पाचव्या सिंफनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो, तिथे जाहिरात आली तर त्या दिवशीचं ऐकणं वाया गेलं समजा. शोधताना रचनाकार, क्रमांक आणि कंडक्टर ही तिन्ही नावं टाका, नाहीतर पियानोवर वाजवलेले तीन मिनिटांचे तुकडे हाती लागतात.

प्रत्येक रचना तीनदा ऐका. पहिल्यांदा काहीही न वाचता सलग. दुसऱ्यांदा खाली दिलेल्या खुणा हातात ठेवून, हवं तिथे थांबवत. तिसऱ्यांदा पुन्हा सलग. पहिली खेप गाळायचा मोह होतो, तो टाळा. कानाने आपल्या आपण काय पकडलं, हे त्याशिवाय कळत नाही.

पहिलं पाऊल : व्ल्तावा

सुरुवात बेदरिक स्मेतानाच्या ‘व्ल्तावा’ने करावी. साधारण बारा मिनिटांची ही रचना १८७४ सालची, बोहेमियातल्या नदीचा उगमापासून प्रागपर्यंतचा प्रवास सांगणारी. कुठे काय येतं हे खुद्द रचनाकारानेच लिहून ठेवलं असल्यामुळे नवशिक्याचा हात सुटत नाही. सुरुवातीला बासरी एकट्याने खळखळते, हा पहिला झरा. क्लॅरिनेट येतात तो दुसरा. पहिल्या मिनिटाच्या सुमारास व्हायोलिनवर नदीची मुख्य चाल येते. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास हॉर्न वाजतात, ती काठावरची शिकार. मग गावातलं लग्न आणि पोल्का, मग चांदण्यातली संथ जागा, मग मुख्य चाल परत, आणि लगेच खळाळत्या उताराचा दंगा.

या उतारानंतरची जागा नीट ऐका. मुख्य चाल आतापर्यंत कोमल गांधारात होती. आता तीच चाल शुद्ध गांधारात येते आणि नदी एकदम रुंद झाल्यासारखी वाटते. एका गांधाराने सगळा भाव पालटतो, हे आपल्या कानाला समजावून सांगावं लागत नाही. हीच युक्ती पुढे बेटहोवनकडे कितीतरी मोठ्या प्रमाणावर भेटेल. कंडक्टर राफाएल कुबेलिक बेचाळीस वर्षांच्या परागंदा आयुष्यानंतर १९९० मध्ये प्रागला परतला, तेव्हाचं त्याचं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच घ्या.

तानपुरा लावून बोलेरो

मोरिस राव्हेलचा ‘बोलेरो’ २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसच्या ऑपेरात नृत्यासाठी पहिल्यांदा वाजला. भारतीय कानासाठी यासारखा धडा नाही, कारण इथे षड्ज जवळजवळ शेवटपर्यंत हलत नाही. तो पांढरी एकचा (पाश्चात्त्य C) आहे. फोनवर तानपुऱ्याचं ॲप पांढरी एकला लावा, ध्वनिमुद्रणाशी जुळेपर्यंत स्वर किंचित वर-खाली करा आणि दोन्ही एकत्र चालू ठेवा. चौदा-एक मिनिटं तानपुरा बेमालूम बसतो. मग अखेरच्या मिनिटात रचना अचानक पांढरी तीनवर उडी मारते आणि तानपुरा कडकडून भांडतो. थोड्याच वेळात रचना घरी परतते आणि कोसळते. षड्ज हलल्यावर काय होतं, हे या एका प्रयोगात जेवढं कळतं तेवढं पानभर वाचून कळत नाही.

स्नेअर ड्रमवर सहा मात्रांचं एकच आवर्तन १६९ वेळा येतं. चाली फक्त दोन: पहिली शुद्ध स्वरांतली, दुसरीत कोमल स्वर डोकावतात. लेहऱ्याच्या संगतीत तबला बदलत जातो आणि लेहरा तोच राहतो. इथे ताल आणि चाल दोन्ही तेच राहतात, बदलतो तो फक्त वाद्यांचा रंग आणि आवाज. कागद घेऊन वाद्यं लिहीत जा: बासरी, क्लॅरिनेट, बसून (त्याच्या स्वभावाविरुद्ध अगदी तारात), छोटी क्लॅरिनेट, ओबो दामोर, मग बासरीसोबत बूच लावलेला ट्रंपेट, मग दोन सॅक्सोफोन पाठोपाठ. नवव्या खेपेला हॉर्नवर चाल असते, चेलेस्टा (घंटांसारखा वाजणारा छोटा पियानो) तीच चाल वरच्या सप्तकात धरतो आणि दोन पिकोलो ती वेगळ्या पट्ट्यांत वाजवतात. कान एकाच विचित्र, ऑर्गनसारख्या वाद्याचा भास करून घेतो. पहिल्या खेपेला हे ओळखू आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, ते ओळखू न येण्यासाठीच लिहिलं आहे. व्हायोलिनांना चाल मिळते ती अर्ध्याहून जास्त प्रवास झाल्यावर. तोवर ती बहुतेक वेळ तारा छेडत ठेका धरतात.

ध्वनिमुद्रण निवडताना एकूण वेळ बघा. पंधरा ते सोळा मिनिटं असेल तर घ्या. तेरा मिनिटांत संपणारा बोलेरो घाईचा. कंडक्टर तोस्कानिनीने १९३० मध्ये तो जोरात हाकला तेव्हा राव्हेल स्वतः नाराज झाला होता.

मोत्सार्टची चाळिसावी, थोडक्यात

सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’साठी जी चाल घेतली तिचं हे मूळ, त्यामुळे ओळख करून द्यायची गरजच नाही. षड्ज पांढरी पाच धरा: कोमल ध-प-प, कोमल ध-प-प, कोमल ध-प-प आणि तिथून तार सप्तकातल्या कोमल ग वर उडी. खूण एकच. चालीआधी व्हायोलांची अस्वस्थ साथ सुरू होते, चाल नंतर येते, जणू बोलणं आधीच चाललं होतं आणि आपण उशिरा पोहोचलो. १७८८ च्या उन्हाळ्यात मोत्सार्टने शेवटच्या तीन सिंफनी लिहिल्या, त्यांतली ही मधली. हिच्यात ट्रंपेट नाहीत, टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम) ही नाही. म्हणून संतापसुद्धा दबलेला वाटतो, आणि तिचं सगळं सौंदर्य त्या दबावात आहे.

बेटहोवनची पाचवी

२२ डिसेंबर १८०८, व्हिएन्ना. थंडीने गारठलेलं नाट्यगृह, अपुऱ्या तालमी आणि चार तासांचा कार्यक्रम. पाचवी आणि सहावी सिंफनी, चौथा पियानो कॉन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंदाची रचना) आणि शेवटी कोरल फँटसी, ज्यात वादक चुकले आणि पुन्हा सुरुवात करावी लागली. ‘नियती दार ठोठावते’ हे वाक्य आपल्यापर्यंत आलं ते अँटोन शिंडलरकडून. बेटहोवनच्या संवादवह्यांत (ऐकू येत नसल्याने लोक त्यात लिहून त्याच्याशी बोलत) मागाहून खोट्या नोंदी घालणारा हा माणूस. ते वाक्य बाजूला ठेवून स्वर ऐका.

षड्ज पांढरी एक: प प प कोमल ग (लांब), म म म रे (त्याहून लांब). दुसरी लांबण मुद्दाम मोठी आहे. आता हे चार ठोके मोजत बसू नका, ते पहिल्या भागात जवळजवळ सगळीकडे आहेत. त्याऐवजी एका जागेची वाट पाहा. सुरुवातीची गर्जना मध्यानंतर परत येते. तिच्यानंतर सगळा वाद्यवृंद थांबतो आणि एकटा ओबो ताल सोडून दोन ओळींचा आलाप घेतो. काही सेकंदच. एवढ्या धावपळीत ही एकच जागा मोकळा श्वास घेते. ती चुकली तर मागे जाऊन पुन्हा लावा, तेवढी तिची किंमत आहे.

दुसरा भाग पहिल्या ऐकण्यात लांब वाटला तरी चालेल. तिसऱ्याच्या शेवटाकडे मात्र हातातलं सगळं खाली ठेवा. आवाज विझत जातो, तंतुवाद्यं एक खालचा स्वर धरून राहतात आणि टिंपनी हलक्या हाताने षड्जावर ठोके देत राहते. षड्ज वाजतोय, पण घर लागत नाही. व्हायोलिनं चाचपडत वर चढतात आणि चौथा भाग फुटतो: सा – ग – प, गांधार शुद्ध. इथेच ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून पहिल्यांदा आत येतात. व्ल्तावात एका चालीचा गांधार बदलला होता, इथे तीन भाग कोमल गांधाराच्या छायेत ठेवून मग तो शुद्ध होतो. कार्लोस क्लायबरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबतचं १९७४ चं ध्वनिमुद्रण अजूनही पहिली निवड.

त्याच रात्री वाजलेली सहावी ‘पास्टोरल’ पावसाळ्यासाठी राखून ठेवा, येऊरच्या डोंगरावर ढग टेकले असताना. दुसऱ्या भागाच्या शेवटी तीन पक्षी येतात आणि बेटहोवनने त्यांची नावं स्वरलिपीतच लिहिली आहेत: बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा पक्षी, क्लॅरिनेटवर कुकू. चौथ्या भागात वादळ येतं. टिंपनी सबंध सिंफनीत फक्त तिथेच वाजते, म्हणून तो गडगडाट खरा वाटतो.

द्वोर्झाकची नववी, म्हणजे ‘न्यू वर्ल्ड’

मराठी श्रोत्यांनी ही मनापासून जवळ करावी असं वाटतं, आणि त्याला कारण स्वरांतच आहे. अंतोनिन द्वोर्झाक १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा संचालक म्हणून गेला. तिथला कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरी बर्ली त्याला आपल्या लोकांची भक्तिगीतं गाऊन दाखवी. १६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये ही सिंफनी पहिल्यांदा झाली. दुसऱ्या भागातली प्रसिद्ध चाल जुन्या भक्तिगीताची, असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं. ते चूक आहे. चाल द्वोर्झाकची स्वतःची. तिच्यावर शब्द चढवले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये.

पेटी काढा, काळी एक षड्ज धरा आणि वाजवा: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. भूपाचे स्वर. राग भूप नव्हे, कारण चलन वेगळं आणि खालची स्वरसंगती आपल्याकडची नाही. पण ओळख पहिल्या तीन स्वरांतच पटते. वाजवणारं वाद्य इंग्लिश हॉर्न. ते ओबोच्याच घरातलं, जरा मोठं आणि खर्जाकडे झुकणारं.

त्या चालीआधीचे पितळी वाद्यांचे संथ स्वरसमूह गाळू नका. पहिला भाग पांढरी तीनवर संपलेला असतो, ही चाल काळी एकवर सुरू व्हायची आहे. ते सात स्वरसमूह एका षड्जावरून दुसऱ्यावर नेणारा जिना आहेत. पेटीवर दोन्ही षड्ज आलटून पालटून दाबून बघा, म्हणजे किती दूरचा प्रवास आहे ते कळेल. याच भागाच्या शेवटी मोजकीच तंतुवाद्यं चाल घेतात आणि ती मध्येच तुटते, थांबते, पुन्हा तुटते. इथे अनेकांना नेट अडकलं असं वाटून ते फोन उचलतात. तसं काही नसतं, थांबे लिहिलेले आहेत.

ट्यूबा फक्त या दुसऱ्या भागात वाजतो. झांज संपूर्ण सिंफनीत एकदाच, शेवटच्या भागात, तीही हळू. पहिल्या तीन भागांतल्या चाली चौथ्यात परत येतात, म्हणून ही रचना तुकड्यांत ऐकण्यात अर्थ नाही. सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं काढा. शेवटचा स्वरही धडाक्याचा नाही, तो विरत जातो. लगेच पुढचं गाणं लागणार असेल तर ती सोय आधीच बंद करा.

पाच मात्रांच्या दोन गोष्टी

गुस्ताव होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’मधला मंगळ पाच मात्रांत आहे, पण तीन-दोन असा. व्हायोलिनवाले गजाच्या लाकडाने तारांवर आपटतात, म्हणून सुरुवातीचा आवाज कोरडा, हाडांसारखा येतो. झुबिन मेहतांचं लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसोबतचं १९७१ चं ध्वनिमुद्रण चांगल्या स्पीकरवरच लावा.

चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा दुसरा भागही पाच मात्रांचा, पण दोन-तीन. हातावर अर्धा झपताल धरा, धी ना धी धी ना, आणि तो बसतो. ही सिंफनी त्याने २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये स्वतः वाजवून घेतली. नवव्या दिवशी तो गेला. ती मृत्यूची चिठ्ठी आहे या कथेच्या नादी लागू नका, त्यापेक्षा शेवटच्या भागाची पहिली ओळ ऐका. ती चाल कोणीच वाजवत नाही. एक स्वर पहिली व्हायोलिनं, पुढचा दुसरी, असा विणलेला असतो, आणि चाल फक्त ऐकणाऱ्याच्या कानात तयार होते. दुसरी व्हायोलिनं उजवीकडे बसवलेलं ध्वनिमुद्रण असेल तर हेडफोनवर स्वर डावी-उजवीकडे उडताना कळतात. ती ओळ पुढे परत येते तेव्हा पहिली व्हायोलिनं ती सबंध वाजवतात. पहिल्या भागात सावध राहा: मध्यावर आवाज सहा वेळा ‘पी’ (‘हळू’ची खूण) लिहिण्याइतका खाली जातो आणि पाठोपाठ सगळा वाद्यवृंद एकदम आदळतो. हेडफोनचा आवाज तिथे वाढवला असेल तर कानाला इजा होईल.

प्रत्यक्ष ऐकायला

२००६ मध्ये स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), जमशेद भाभा थिएटरमध्ये वाजवतो. ठाण्याहून जलद लोकलने सीएसएमटीला तासाभराचा हिशेब धरा, वाशी-नेरुळहून हार्बरनेही तेवढाच, आणि पुढे टॅक्सी. रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा. ब्लॉक संपल्यावरही गाड्या उशिराने धावतात, आणि उशीर झाला तर रचना संपेपर्यंत दाराबाहेर थांबावं लागतं. अर्धा तास आधी पोहोचा.

अगदी पुढची तिकिटं महाग असतील म्हणून चांगली, असं नाही. पुढच्या रांगांतून व्हायोलिनं भरपूर ऐकू येतात, पण मागे बसलेली ओबो-क्लॅरिनेट मंडळी दिसतच नाहीत. बाल्कनीतून सगळा वाद्यवृंद दिसतो आणि चाल कोणाकडे गेली ते डोळ्यांनीही कळतं. पहिल्या वेळी तेच घ्या. सुरुवातीला ओबो एक स्वर देतो आणि सगळे त्यावर लावून घेतात, तो क्षणही ऐकण्यासारखा. पहिल्या सत्रात बहुधा छोटी रचना आणि एकल वादकाचा कॉन्चेर्तो, मध्यंतरानंतर सिंफनी. घरी सिंफनीचीच तयारी करून जा.

आपल्या बैठकीत चांगल्या जागेला लगेच दाद जाते. इथे ती सगळे भाग संपेपर्यंत राखून ठेवायची. कार्यक्रमपत्रिकेत भाग किती ते आधी मोजा. चायकोव्स्कीच्या सहाव्यात फसगत ठरलेली असते: तिसरा भाग इतक्या दणक्यात संपतो की सभागृह टाळ्या वाजवून मोकळं होतं, आणि सर्वांत खोल भाग अजून यायचाच असतो. खात्री नसेल तेव्हा कंडक्टरच्या हातांकडे बघा. ते पूर्ण खाली येईपर्यंत रचना चालू आहे.